मदत हवी आहे: लेगोची गुराब, नाळ जमत नाहीये

मंडळी, लेगोच्या ठोकळ्यांतून मराठा आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब (लढाऊ जहाज) करतोय. गाडी अडलीय नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर. तयार मिळणारे जहाजाचे तळ युरोपीय धाटणीचे, पुढून उंच. गुराबेची नाळ मात्र खाली, लांब पुढे आलेली. तिच्यावरून तर समोर तोफा डागायच्या! लेगोची एक प्लेट (चपटा ठोकळा) ३.२ मिमी जाड, त्यामुळे उतार पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. बिजागरीच्या प्लेटा लावून बाजू आत वळवल्या, तर टोकाशी फट राहते. ती कोणी कशी बुजवलीय? (गोंद सुचवू नका, प्लीज.)

शिवाय तिरक्या काठीवरचं त्रिकोणी शीड कापडाचं करावं की प्लास्टिकचं? कापड लोंबतं, खळ घातली तर वाऱ्याने फुगल्याचा भास जातो. फोटो असतील तर नक्की टाका.