काखेत हात घालून उठवू नका

इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की आजारी बाबांना काखेत हात घालून पलंगावरून उठवतो. कृपया असं करू नका. पक्षाघात झाला असेल तर लुळ्या बाजूचा खांदा सांध्यातून निसटू शकतो. मीही आईला तसंच उठवायचे. तिचा चेहरा वेदनेने आक्रसला तेव्हा कळलं. फिजिओथेरपिस्टने मग शिकवलं: आधी रुग्णाला पलंगाच्या कडेशी सरकवायचं, पावलं जमिनीवर टेकवून गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकवायचं. वजन पुढे आलं की बूड जवळजवळ आपोआप उचललं जातं. आपण रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरायचं, स्वतःचे गुडघे वाकवून. ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने म्हणा, तेही जोर लावतील. ज्या खुर्चीत बसवायचं ती त्यांच्या धडधाकट बाजूला ठेवा. चाकांची असेल तर ब्रेक आधी.