'प्रदीर्घ चकमक' म्हणता येईल का?

अनुवाद करताना अडले आहे. इराकमधल्या फलुजा शहरात २००४ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या लढाईवरचा मजकूर आहे. पहिलं वाक्य असं केलंय: "आघाडीच्या फौजा आणि दहशतवादी यांच्यात फलुजामध्ये प्रदीर्घ चकमक." वाचताना सगळंच खटकतंय. काय बदलू?

—

ताई, आधी 'चकमक' काढा. चकमक म्हणजे गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायचं पोलाद. शब्द मूळचा तुर्की. ठिणगी पडते आणि विझते, म्हणून तासाभराच्या गोळीबाराला तो शोभतो. फलुजात ७ नोव्हेंबरच्या रात्री नदीपलीकडचं रुग्णालय ताब्यात घेतलं गेलं, ८ ला उत्तरेकडून मुख्य हल्ला झाला आणि लढाई संपायला २३ डिसेंबर उजाडला. दार फोडायचं, एकेक खोली बघायची, जिना चढून गच्ची धरायची, की पुढच्या घरात पुन्हा तेच. दीड महिना हे चाललं. त्याला 'चकमक' म्हणणं मला तरी सहन होत नाही, मग मागे 'प्रदीर्घ' लावा नाहीतर आणखी काही.

'झुंज' घ्या. आपल्याकडे किल्लेदार गड 'झुंजवतो'. रामशेज मोगलांशी कित्येक वर्षं झुंजला. चिकाटी आणि काळ दोन्ही त्या शब्दात आहेत.

आणि 'फलुजामध्ये' नको, 'फलुजासाठी' करा. पानिपतची लढाई पानिपतासाठी नव्हती, ते नुसतं ठिकाण. इथे शहरच हवं होतं.

'आघाडी'ही फसवी आहे. 'आघाडीच्या फौजा शहरात शिरल्या' म्हटलं की सगळ्यात पुढच्या तुकड्या असं वाटतं. अमेरिकी आणि इराकी सैनिक एकत्र होते, तेव्हा 'संयुक्त फौजा' स्वच्छ.

—

दादांशी सहमत. फक्त 'दहशतवादी'बद्दल थोडं. अल-कायदाचा इराकमधला म्होरक्या झरकावी, त्याच्या माणसांना तो शब्द लागू पडतो, पण शहरात सद्दामच्या मोडलेल्या लष्करातले स्थानिकही लढत होते. सगळ्यांना मिळून 'बंडखोर' बरा. अर्थात बंड म्हटलं की कुणाविरुद्ध, हे आलंच. १८५७ ला 'बंड' म्हणायचं की नाही यावर आपण किती भांडलो! फलुजात एप्रिल २००४ मध्येही लढाई झाली, तेव्हा इराकवर परक्यांचाच अंमल होता. २८ जूनला हंगामी इराकी सरकारकडे सत्ता आली आणि नोव्हेंबरच्या हल्ल्याला पंतप्रधान अलावींची मंजुरी होती. म्हणून नोव्हेंबरसाठी 'बंडखोर' चालेल. एप्रिलबद्दल लिहाल तेव्हा 'सशस्त्र गट' लिहा, अशी कळकळीची विनंती.

—

दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असं झालंय: "संयुक्त फौजा आणि बंडखोर यांची फलुजासाठी दीड महिना झुंज." एप्रिलचा परिच्छेद पुढे आहेच, तिथे 'सशस्त्र गट' करते. शेवटच्या ओळीत मात्र पुन्हा अडले: शहर 'पडलं', 'घेतलं' की 'सोडवलं'?