एमडी-पीएचडी एकत्र करावी, की आधी नुसते डॉक्टर व्हावे?

धागाकर्ता:
अमेरिकेतील एमडी-पीएचडीकडे (एमडी ही तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी आणि संशोधनाची पीएचडी, अशा एकत्रित अभ्यासक्रमाकडे) अनेक विद्यार्थी फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते म्हणून वळतात. माझ्या मते हे कारण सर्वांत तकलादू आहे. दोन वर्षे वैद्यकाचे वर्ग, मग चारेक वर्षे प्रयोगशाळा आणि शेवटी पुन्हा वॉर्ड असा आठेक वर्षांचा प्रवास संपतो, तेव्हा बरोबरीच्या अनेकांची रेसिडेन्सीही (पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण) उरकलेली असते. वाचलेल्या फीपेक्षा बुडालेली कमाई बहुधा जास्तच भरते. शिवाय संशोधनासाठी पीएचडी लागतेच असे नाही: कोलेस्टेरॉलवरील कामासाठी १९८५ चे नोबेल मिळवणारे ब्राउन आणि गोल्डस्टीन, तसेच २०१२ चे मानकरी लेफ्कोविट्झ, हे तिघेही केवळ एमडी.

पहिला प्रतिसाद:
नावे खरी आहेत, पण काळ विसरलात. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत सक्तीच्या लष्करी सेवेला पर्याय म्हणून तरुण डॉक्टर नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी वैद्यकीय संशोधनसंस्थेत जात आणि तिथेच संशोधन शिकत. लेफ्कोविट्झ १९६८ मध्ये असेच तिथे पोहोचले. ती वाट आता नाही. नोबेलच मोजायची, तर फरीद मुराद आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघेही क्लीव्हलँडच्या एकत्रित अभ्यासक्रमातूनच बाहेर पडले होते. राहिला पैशांचा मुद्दा. डोक्यावर कर्ज असलेला डॉक्टर कमी पगाराच्या संशोधनाकडे वळताना दहादा विचार करतो, त्यामुळे कर्ज नसणे ही चैन नसून निवडीचे स्वातंत्र्य आहे.

दुसरा प्रतिसाद:
मी हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, आणि खरी अडचण पैशांची नाहीच. साडेचार वर्षे उंदरांच्या यकृतपेशींवर काम करून वॉर्डात परतले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका आजींच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मर्मर (हृदयाचा असामान्य आवाज) कोणत्या झडपेची हे मला सांगता येईना. शेजारी उभा असलेला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान विद्यार्थी मात्र ते सहज सांगून गेला. ती लाज तीन महिन्यांत ओसरली. उलट दिशेची झीज मात्र भरून येत नाही, कारण रेसिडेन्सी आणि त्यापुढची फेलोशिप (एखाद्या उपशाखेचे प्रशिक्षण) संपेपर्यंत पिपेट हातातून सुटून पाच-सहा वर्षे होतात आणि प्रबंधातील तंत्रे तोवर जुनी झालेली असतात. म्हणून रेसिडेन्सीनंतर, ऐन उपयोगाच्या वेळी, संशोधन शिकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

धागाकर्ता:
कर्जाविषयीचा आक्षेप मान्य आहे; मी तो केवळ बेरीज-वजाबाकीने पाहिला होता. तंत्रे जुनी होतात हेही खरे, परंतु प्रश्न नेमका कसा मांडावा आणि फसलेल्या प्रयोगातून काय वाचावे, ही सवय इतक्या लवकर गंजत नसावी. ज्यांचे अजून ठरत नाही, त्यांनी आधी फक्त एमडीला प्रवेश घ्यावा, कारण काही महाविद्यालये पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतरही एकत्रित अभ्यासक्रमासाठी आतून अर्ज करू देतात. आणि अर्ज करण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील मागच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षे लागली, हे गाइडला न विचारता त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.