अनुभव धागा: गेममध्ये घातलेले तास सत्कारणी लागले का?

आमच्या घरी यावरून परत एकदा वाजलं म्हणून विचारतोय. ऑनलाइन मल्टिप्लेयर गेमपायी रात्री जागवलेल्या लोकांनो, त्याचा पुढे कुठे उपयोग झाला का? "एकाग्रता वाढते" असलं छापील नको, घडलेलं सांगा. पैसे लावून रमी खेळणारे यात धरलेले नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा आणि तो बाजार २०२५ च्या कायद्याने बंदही केलाय.

---

मी खातं उघडतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, युरोपातला सर्व्हर, आम्ही दोघंच भारतीय. मोल्टन कोअर नावाच्या गुहेतल्या रेडला (म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईला) तेव्हा ४० जण लागायचे आणि ४० जणांना एका वेळी ऑनलाइन आणणं म्हणजे गावजेवणाची पंगत बसवणं, एकाचं मूल रडतंय, एकाचं नेट गेलं, हीलर (बाकीच्यांच्या जखमा भरणारा) ऐनवेळी जेवायला उठला. बरं बॉस, म्हणजे तिथला मोठा राक्षस, मरायचा, भांडणं तो मेल्यावर सुरू, कारण वस्तू मोजक्याच आणि हात पसरलेले ४०. त्यावर डीकेपी नावाची पद्धत होती, रेडला हजर राहिलात की पॉइंट मिळणार आणि वस्तू हवी तर ते खर्च करायचे. त्याची एक्सेल शीट माझ्याकडे असायची. शीट सगळ्यांना दिसेल अशी ठेवली की निम्मी बोंबाबोंब आपोआप थांबते, हे तिथे कळलं. आता कारखान्यात दिवाळीच्या सुट्ट्या तशाच वाटतो: नाइट शिफ्ट केली की पॉइंट, लक्ष्मीपूजनाची सुट्टी हवी तर पॉइंट लावा. युनियनवाले पण गप्प.

---

वॉववाले (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाले) आलेच आहेत तर सप्टेंबर २००५ ची साथ कोणाला आठवते का? गेममधल्या झुल गुरुबच्या रेडमधला बॉस हक्कार, तो खेळाडूंना जो रोग लावायचा तो करप्टेड ब्लड. खरं तर तो रोग त्या लढाईपुरताच होता, पण लोकांच्या पाळीव प्राण्यांना लागून शहरात आला आणि रस्त्यात नुसते सांगाडे. दुकानदार वगैरे एनपीसी (कॉम्प्युटर चालवतो ती) पात्रं मरायची नाहीत पण रोग पसरवत राहायची. काही जण लांबून हील करायला धावले, काही नग मुद्दाम गर्दीत घुसून पसरवत होते, आणि काही फक्त बघायला आले आणि मेले 😄 यावर २००७ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये पेपर आला होता. मी मेडिकलच्या पोरांना पीएसएम (साथी, रोगप्रतिबंध वगैरेचा विषय) शिकवते. लक्षणं नसलेला वाहक म्हणजे काय हे पुस्तकातून सांगितलं की वर्ग पेंगतो, तो गेममधला दुकानदार काढला की मागचा बाक जागा होतो. शिवाय कोविडमध्ये बंदोबस्त बघायला बाहेर पडणाऱ्यांचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

---

वरचं सगळं वाचून दडपण आलं राव. मला काहीही मिळालं नाही. सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक, त्यातला डस्ट टू मॅप, शिव्या, वडापाव, घरी. मजा आली. दिवसभर टेस्ट मॅच बघणाऱ्याला कोणी विचारतं का की यातून तुझी लीडरशिप किती वाढली? आमच्याच छंदाला दर वेळी पावती का दाखवायला लागते?

---

^ पटलं, पण माझ्याकडे पावती आहे तर दाखवते 😀 पबजी, २०१९. सुरुवातीला माइक बंदच, कारण आवाज आला की "लडकी है क्या" सुरू आणि मग गेम बाजूलाच. पुढे एक कायमचा स्क्वाड जमला, एक सिलचरचा, एक कोचीची, एक आमच्या जळगावचा. तिथे लांबण लावायला वाव नसतो, "३४५, दगडामागे दोन, एक नॉक" एवढंच (३४५ म्हणजे होकायंत्रावरची दिशा, नॉक म्हणजे गोळी लागून आडवा). आधी दिशा, मग काय दिसतंय, स्टोरी नंतर. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, ग्रुप राहिला. मी आता ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये आहे. फोन करणारा घाबरलेला असतो, कोण कोणाच्या गाडीला कसं धडकलं ते पहिल्यापासून सांगायला लागतो, त्याला आधी "कुठे आहात, जवळ काय दिसतंय" यावर आणायचं असतं. ट्रेनिंगमध्ये बाकीच्यांना ही सवय लावायला वेळ गेला. कोचीवालीच्या लग्नाला जाऊन आले, तोपर्यंत तिचं खरं नाव पण नीट उच्चारता येत नव्हतं.

---

लुडो किंग चालेल का? (आपल्या नवी मुंबईतलंच आहे ते.) लॉकडाऊनमध्ये मी, नणंद अमेरिकेत, सासूबाई सांगलीत. फोनवर सासूबाई "बरं आहे, ठेवते" इतकंच बोलायच्या, गेममध्ये माझी सोंगटी मारली की तासभर बोलायच्या. अजून खेळतो. त्या अजून दया दाखवत नाहीत.

---

मी खेळत नाही, पोरगा खेळतो, बीजीएमआय (पबजीचीच भारतातली आवृत्ती). १८ च्या आत दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे म्हणे, आमच्याकडे त्याच्या आधीच माझा हात फोनवर जातो. पण भांडण तासांचं नव्हतंच, जेवायला हाक मारली की "आई, ऑनलाइन गेम पॉज होत नाही गं!" याचं होतं. मला वाटायचं टाळतोय. मग एकदा शेजारी बसून अख्खी मॅच बघितली, तर खरंच होत नाही, १०० जणांतून शेवटचे काही उरेपर्यंत अर्धा तास जातो आणि मध्येच उठलं की बाकी तिघं बोंबलतात, त्यातला एक तर आमच्या समोरच्याच बिल्डिंगमधला निघाला. आता हाक मारत नाही, "किती उरलेत?" विचारते. वीसच्या खाली आले की तवा ठेवते.