किनाऱ्यावर मुक्कामासाठी जुनी व्हॅन: ईको, ओम्नी की इनोव्हा?

पुळणवाट:
नमस्कार मंडळी. शनिवार-रविवार समुद्राकाठी मुक्काम करता येईल अशी जुनी गाडी घ्यायची आहे. आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. गाडी चिपळूणला राहील. फेऱ्या जास्त करून गुहागर, धोपावे-दाभोळ जेटीनं (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं) पलीकडे आंजर्ले-केळशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास, आणि कधीतरी आंबा घाटानं कोल्हापूर. आत तिघांना झोपता आलं पाहिजे. कागदपत्रांसकट साडेतीन लाखांपर्यंत जाता येईल.

सध्या तीन गाड्या नजरेत आहेत: 2016 ची पाच सीटर ईको पेट्रोल, 2018 ची ईको कंपनी फिटेड सीएनजी आणि 2010 ची इनोव्हा डिझेल. ओम्नीही बऱ्याच स्वस्तात मिळतेय. यातली कोणती घ्यावी, आणि बघायला जाताना नेमकं काय तपासावं?

जांभाचिरा:
2016 ची पेट्रोल ईको बघा, पण पत्रा चांगला असेल तरच. कोकणात जुनी गाडी घेताना इंजिनाच्या आधी पत्रा बघायचा. ईकोचं इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी उघडून बसवून मिळतं, पार्ट मिळतात, खर्चाचा अंदाज आधी येतो. खालून सडलेल्या पत्र्याचा अंदाज कुणालाच येत नाही. एका जागी वेल्डिंग केलं की सहा महिन्यांनी शेजारी फुटतो.

इनोव्हा आरामाला उत्तम, घाटात ओढही छान. पण 2010 ची म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली किंवा संपायला आलेली. पुढे फिटनेस, ग्रीन टॅक्स, पाच वर्षांचं नूतनीकरण. शिवाय गाडी जड, मऊ पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) बसली की ट्रॅक्टरच लागतो. ओम्नीत पत्रा पातळ, जागा कमी, आणि 2019 पासून ती बनत नाही. तिघांसाठी नको.

ईकोला दोन्ही बाजूंना सरकती दारं, मागचं दार वर उघडतं, त्याखाली ताडपत्री ताणली की स्वयंपाकाला आडोसा होतो. गाडी मागच्या चाकांवर चालते, इंजिन पुढच्या सीटखाली. यामुळे घाटात सीट तापते, आणि तपासणीची पहिली पायरीसुद्धा यातूनच सुरू होते.

मालकाला आधी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पुढची सीट उचला आणि इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर आधी सुरू करून ठेवली आहे असं समजा. थंड असेल तर कुलंटचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का बघा, डिपस्टिक काढून तेल दुधाळ आहे का बघा. यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केट गेलंय, तिथून निघा. सुरू केल्यावर निळा धूर आला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर नको.

आता पत्रा. सोबत टॉर्च, रुमालात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक आणि जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रबरी मॅट उचलून फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. सरकत्या दाराचा खालचा रूळ नक्की बघा. त्यात वाळू साठते, वाळूत खारट ओल टिकून राहते, आणि रूळ आतून खातो. दार सरकवताना मधेच उचलावं लागत असेल तर रोलर किंवा रूळ गेला आहे.

खालच्या बाजूला नुकतंच काळंकुळं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं. एका कोपऱ्यात नखानं खरवडून बघा. पापुद्रा लाल पावडरीसकट निघाला तर आत काय आहे ते कळलंच. मागच्या ब्रेकच्या लोखंडी पाइपांवरही टॉर्च मारा. वरवरचा तपकिरी रंग चालेल. खवले सुटत असतील तर पाइप बदलायचे पैसे किमतीतून वजा करा.

वाशिष्ठीकाठ:
जांभाचिरा यांच्या सांगण्यात एक मोठी भर. गाडी चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यातली असेल आणि जुलै 2021 च्या आधीची असेल तर ती पुरात होती का, हे सगळ्यात आधी शोधा. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात फिरतायत. तुमच्या तिन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत.

पुरातली गाडी ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. तो पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ असतो, पण रिळावरचा शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे गढूळ मातीची रेघ किंवा बारीक चिखल दिसला तर विषय संपला. दुसरी खूण म्हणजे सीटच्या रुळांचे बोल्ट. गाडीच्या आत, पावसापासून लांब असलेले बोल्ट लालभडक गंजलेले का असावेत? तिसरी, डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्स उघडून पिना बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे पाणी आत जाऊन आलंय. अशा गाडीत आज सगळं चालतं आणि वर्षभरानं वायरिंग एकेक करून दगा देतं, तेही बहुधा पावसात. सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढा आणि ऑगस्ट-सप्टेंबर 2021 मधली बिलं वाचा. विम्याचा मोठा दावा झाला असेल तर तेही कळेल.

टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटात वापरू नये.

आणि एक. ईको शाळेच्या फेऱ्यांना किंवा माल वाहायला वापरलेली असू शकते. मीटर 45 हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर मीटरवर विश्वास नको. आधी पिवळी पाटी (भाड्याची गाडी) होती का, याचीही चौकशी करा.

सुरूबन:
सीएनजीबद्दल माझं मत: झोपायला गाडी हवी असेल तर सीएनजी घेऊ नका. सिलिंडर मागच्या जागेत बसतो आणि नेमकी पायांची लांबी खातो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, तिची पाटी तपासायला लोक विसरतात. घाटात ओढही कमी. रोज शंभर किलोमीटर धावायचं असेल तर गणित वेगळं, महिन्यातून दोन फेऱ्यांना त्याचा फायदा नाही.

टेप घेऊनच जा आणि तीन मापं लिहून आणा: पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी, चाकांच्या कमानींमधली रुंदी, आणि बेडची उंची धरून वर छतापर्यंत किती उरतं ते. बेडवर बसल्यावर किमान 90 सेंटिमीटर हवेत, नाहीतर रात्री कपडे बदलणंही जमत नाही. मागच्या सीटची पाठ किती खाली जाते तेही तिथेच करून बघा. तिघांसाठी मोठी दोघं मागे आणि मुलगी पुढच्या दोन सीटवर फळी टाकून आडवी, ही रचना बसते.

बेडला 12 मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यानं न सुटणारा) प्लाय, म्हणजे आयएस 710 छाप असलेला. साधा कमर्शियल प्लाय कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगून सुटतो. तीन तुकडे करा, कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या, कारण पाणी नेहमी कडेतूनच शिरतं. खाली एक इंची चौकोनी पाइपची घडीची चौकट. काही वेल्ड करू नका, छताला भोक पाडू नका. नोंदणीत नसलेला कायमचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. सीट काढून घरी ठेवली तरी आरसीवरची आसनसंख्या जुळत नाही. म्हणून दुमडलेल्या सीटवर बसणारा, हातानं निघणारा बेडच बरा.

हवेचं विसरू नका. तीन माणसांच्या श्वासानं पहाटे काचा आतून टपकतात. मधल्या काचा सरकत्या आहेत, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा आणि बाहेरून मच्छरदाणीची जाळी चुंबकानं लावा. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही आणि आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंख्यासाठी वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवा, 12 व्होल्ट 20 अँपिअर-तास. 12 वॅटचा पंखा आठ तासांत 96 वॅट-तास खातो, तेव्हा दोन रात्री निघतात. फ्यूज बॅटरीच्या टोकालाच हवा.

पुळणवाट:
फारच उपयोगी, आभार. सीएनजी बाद. रविवारी 2016 ची पेट्रोल बघायला जातोय. दोन शंका: गाडी पुळणीवर किती आत नेता येईल? आणि घेतल्यावर गंजासाठी काय करायचं?

जांभाचिरा:
अजिबात नेऊ नका. सुरूच्या बनापर्यंत, पक्क्या जमिनीवर, तिथल्या लोकांना विचारून. वेळास-आंजर्ल्याला हंगामात कासवांची घरटी वाळूतच असतात, आणि ओली टणक वाळू ओहोटीला फसवते, सहा तासांत तिथे पाणी असतं. चुकून चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःची कबर खणतं. मागच्या टायरांची हवा 18-20 पीएसआयवर आणा, चाकापुढची वाळू हातानं काढून बेडची फळी सरकवा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. हवा परत भरायला 12 व्होल्टचा पंप गाडीत हवाच.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ सोडाच, वाळलेली झावळी पडली तरी काच जाते.

गंजासाठी: परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवायची, चाकांच्या कमानी आणि दाराचे रूळ आधी. जेटीच्या उतारावर खारं पाणी साचलेलं असतं, त्यातून गेलात तर तेवढ्यासाठीही धुवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती तारेनं मोकळी करा. बुजली की दार आतून सडतं. कोटिंग गाडी पूर्ण वाळल्यावरच, एप्रिल-मे मध्ये, पोकळ भागांत मेण फवारून. रात्रभर समुद्राकाठी हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि मागच्या चाकाला दगड.

वाशिष्ठीकाठ:
रविवारी टेस्ट ड्राइव्हला थोडा चढ घ्या. गिअर बदलताना खालून टक्क असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) झिजलाय, वेग धरल्यावर मागून हूं असा सूर आला तर डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअर). मागच्या हाउसिंगच्या तोंडाशी तेलाचा ओघळ आहे का तेही बघा. कागदांत मालकी बदलायला फॉर्म 29, 30, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायला 35, आणि पैसे देण्याआधी चालान शून्य.