संगणक जळाला, गाणी फक्त आयपॉडवर उरली आहेत : ती परत संगणकावर कशी घ्यावीत?

मलप्रभाकाठ (खानापूर) :

नमस्कार. गेल्या आठवड्यातल्या पावसात वीज सारखी कमी-जास्त होत होती, आणि त्यात आमच्या घरातल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. या मॉडेलचा मदरबोर्ड आता मिळत नाही, असे दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले. त्या संगणकावर विंडोज सेव्हन आणि आयट्यून्स (आयपॉडवर गाणी भरण्याचा ॲपलचा प्रोग्राम) होते, आणि त्यातला संगीताचा सगळा संग्रह आज फक्त १६० जीबीच्या एका आयपॉड क्लासिकवर, म्हणजे ॲपलच्या खिशात मावणाऱ्या संगीत प्लेअरवर, उरला आहे.

संग्रहातला एक भाग विकत घेतलेल्या सीडींवरून केलेल्या एमपीथ्री गाण्यांचा आहे. ती गेली तरी पुन्हा मिळतील. माझा जीव दुसऱ्या भागात अडकला आहे. माझे सासरे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत असत, आणि कार्तिकातल्या काकड्याच्या वेळी देवळाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टेकवून त्यांनी बऱ्याच कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. भूपाळ्या, वासुदेव, गौळणी आणि शेवटची आरती असा सगळा क्रम त्यांत आहे. त्या कॅसेटी माझ्या यजमानांनी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. आमच्याकडच्या दमट हवेमुळे मूळ कॅसेटींच्या फितीला आता पांढरी बुरशी आली आहे, आणि लावल्या तर फीत आतच चिकटते. मंडळातले निम्म्याहून अधिक गाणारे आज हयात नाहीत.

नव्या लॅपटॉपवर आयट्यून्स बसवून आयपॉड जोडला, तेव्हा तो दुसऱ्या लायब्ररीशी (दुसऱ्या संगणकावरच्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला असून त्यातले सगळे पुसून नव्याने भरायचे का, असा प्रश्न पडद्यावर आला. आम्ही तो रद्द करून वायर काढली. आयपॉडवर गाणी अजून नीट वाजतात. मात्र विंडोजमध्ये आयपॉड उघडून पाहिला, तर कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि नोट्स एवढेच फोल्डर दिसले. आयपॉडवरून गाणी परत काढताच येत नाहीत, असे एका दुकानदाराचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? आणि गाणी निघाली, तर त्यांची नावे राहतील का?

शहापूरवासी (बेळगाव) :

ताई, गाणी नक्की निघतील. ती पुसण्याचा प्रश्न तुम्ही रद्द केलात हे फार बरे झाले, कारण तिथे होकार दिला असता, तर नव्या लॅपटॉपवरची रिकामी लायब्ररी आयपॉडवर चढली असती आणि जुने सगळे पुसले गेले असते. आयट्यून्सची रचना संगणकाकडून आयपॉडकडे गाणी पाठवण्यासाठी केलेली आहे. उलट्या दिशेने ते फक्त आयट्यून्सच्या दुकानातून विकत घेतलेली गाणी परत घेते, आणि तुमच्या संग्रहात तशी गाणी दिसत नाहीत. दुकानदाराचा समज त्यावरूनच झाला असावा.

माझी पहिली विनंती अशी, की गाणी हाती येईपर्यंत त्या लॅपटॉपवरून आयट्यून्स काढून टाका, किंवा ज्यावर ते कधीच बसवलेले नाही असा लॅपटॉप शेजाऱ्यांकडून घ्या. आयट्यून्स नसेल, तर विंडोज आयपॉडला साध्या पेन ड्राइव्हसारखे वागवते आणि पुसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आयपॉड विंडोजवर तयार केलेला असल्यामुळे त्याची मांडणी एफएटी३२ पद्धतीची असणार, म्हणजे ती कोणत्याही विंडोजला वाचता येते. मॅकवर तयार केलेला आयपॉड असता, तर विंडोजने तो ओळखला नसता आणि 'डिस्क फॉरमॅट करा' असे सुचवले असते. तसा संदेश कुणालाही, कधीही दिसला तरी त्याला होकार देऊ नये.

आता मुख्य काम. आयपॉड जोडल्यावर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' ही खूण चालू करा. लगेच 'आयपॉड_कंट्रोल' नावाचा फोल्डर फिकट रंगात दिसू लागेल. त्यात 'म्युझिक' हा फोल्डर आहे आणि त्याच्या पोटात एफ००, एफ०१, एफ०२ असे ओळीने बरेच फोल्डर आहेत. तुमची सगळी गाणी तिथेच आहेत, पण विखुरलेली. एकाच सीडीवरची गाणी वेगवेगळ्या फोल्डरांत गेलेली असतात, आणि प्रत्येक फाइलचे नाव चार इंग्रजी अक्षरांचे, काहीही अर्थ नसलेले असते. ते पाहून घाबरू नका, कारण एमपीथ्री फाइलच्या आतच गाण्याचे नाव, गायक आणि अल्बम यांची नोंद असते आणि लॅपटॉपवर घेतल्यावर कोणताही संगीत प्लेअर ती वाचून दाखवतो.

प्रत घेताना मात्र फक्त 'म्युझिक' उचलू नका. 'आयपॉड_कंट्रोल' हा पूर्ण फोल्डर, जसाच्या तसा, लॅपटॉपवर आणि शिवाय एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. त्यात 'आयट्यून्स' नावाचा एक लहान फोल्डर आहे आणि त्यातल्या 'आयट्यून्सडीबी' या फाइलमध्ये संपूर्ण यादी, प्लेलिस्ट आणि कोणती फाइल कोणत्या गाण्याची आहे हा हिशेब ठेवलेला असतो. ती फाइल गाण्यांइतकीच मोलाची आहे.

आणखी एक काळजी घ्या. आयपॉड क्लासिकच्या आत १.८ इंचांची फिरती हार्ड डिस्क असते आणि ती आता जुनी झाली आहे. प्रत चालू असताना आयपॉड टेबलावर स्थिर ठेवा, हातात घेऊ नका, आणि वायर मधल्या हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम थांबणार नाही. आयपॉड संगणकावर दिसेनासा झाला, तर मेनू आणि मधले बटण एकत्र दाबून धरा, ॲपलचे चिन्ह आले की लगेच मधले आणि प्ले बटण धरा. तो 'डिस्क मोड'मध्ये जातो आणि एरवी हट्ट करणारे आयपॉडसुद्धा त्या अवस्थेत नीट वाचले जातात.

निपाणीकर :

शहापूरवासींनी सांगितलेले सर्व योग्य आहे, आणि प्रत आधी आयपॉडवरूनच घ्यावी. पण एक गोष्ट कुणी विचारलेली दिसत नाही. ताई, मदरबोर्ड जळाला म्हणजे हार्ड डिस्क गेली असे मुळीच नाही. विजेच्या चढउताराने बहुतेक वेळा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड जातात, आणि डिस्क सुखरूप राहते. जुना संगणक भंगारात देऊ नका आणि 'एक्स्चेंज'मध्येही देऊ नका, निदान त्यातली डिस्क काढून घेतल्याशिवाय तरी नाही. आमच्या भागात लोक जुनी पेटी जशीच्या तशी देऊन मोकळे होतात आणि वर्षांचे फोटो, हिशेब आणि आवाज तिच्याबरोबर जातात, याचे मला फार वाईट वाटते.

टेबलावरच्या संगणकाची डिस्क ३.५ इंचांची असते. ती यूएसबीने जोडण्यासाठी वेगळा ॲडॅप्टर असलेला डॉक किंवा केस लागतो. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठीची साधी वायर तिला पुरत नाही, कारण या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. दुकानात 'साटा टू यूएसबी, पॉवर ॲडॅप्टरसकट' असे मागा. जोडल्यावर डिस्क शांतपणे फिरत असेल, तर जुन्या वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात 'माय म्युझिक' आणि त्याच्या आत 'आयट्यून्स' हा फोल्डर शोधा. परवानगी नाही असे विंडोजने म्हटले, तर 'कंटिन्यू' दाबून थोडे थांबावे लागते. तो पूर्ण फोल्डर मिळाला, तर गाणी मूळ नावांसकट मिळतील आणि आयपॉडवरची प्रत फक्त पडताळण्यासाठी उरेल. डिस्कमधून 'टक टक' असा आवाज येत असेल, तर मात्र ताबडतोब बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक फेरीत ती अधिक खराब होते, आणि पुढे तज्ज्ञाकडे नेण्याची वाटही बंद होते.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आयट्यून्स नसलेल्या लॅपटॉपवर सगळा फोल्डर उतरवला आहे. एका फोल्डरातल्या एकाच फाइलपाशी प्रत अडकत होती. ती सोडून पुढे गेल्यावर बाकीचे सर्व आले. जुन्या संगणकातली डिस्क काढून ठेवली आहे. डॉक बेळगावहून मागवावा लागेल.

एमपीथ्री गाण्यांची नावे नीट दिसत आहेत. पण काकड्याच्या फाइली डब्ल्यूएव्ही प्रकारच्या निघाल्या, आणि त्यांना नावच नाही. नुसती चार अक्षरे दिसतात. यजमानांनी प्रत्येक फाइलला गाणाऱ्याचे नाव आणि वर्ष दिलेले होते, आणि आयपॉडच्या पडद्यावर ते अजूनही दिसते. मग ते लॅपटॉपवर का दिसत नाही?

टिळकवाडी वाचक (बेळगाव) :

ताई, नावे हरवलेली नाहीत. आयट्यून्स डब्ल्यूएव्ही फाइलच्या आत नाव-गाव काहीच लिहीत नाही. ते फक्त आपल्या यादीत लिहून ठेवते. आयपॉड पडद्यावर नाव दाखवतो ते शहापूरवासींनी सांगितलेल्या 'आयट्यून्सडीबी'मधून वाचून. फाइल एकटी लॅपटॉपवर आली की ती मुकी होते. सर्व फोल्डर उचलण्याचा सल्ला इथे कामी आला. घाईने फक्त 'म्युझिक' उचलून आयपॉड पुसणाऱ्यांच्या घरचे आवाज शाबूत राहतात, पण गाणारा कोण हे कायमचे जाते, आणि भजनाच्या ध्वनिमुद्रणात तर गाणारा कोण यालाच सारे मोल असते.

ती यादी वाचणारा मोफत प्रोग्राम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, आहे, त्याचे नाव रिदमबॉक्स. लॅपटॉपवर लिनक्स कायमचे बसवण्याची गरज नाही. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो, आणि तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही. सुरुवातीला 'ट्राय उबुंटू' हा पर्याय निवडा, 'इन्स्टॉल' नव्हे. रिदमबॉक्स त्यात नसेल, तर इंटरनेट जोडून तिथल्या तिथे घेता येतो. आयपॉड जोडल्यावर डाव्या बाजूला त्याचे नाव येईल आणि त्यावर क्लिक केल्यावर सर्व गाणी खऱ्या नावांनी दिसतील. प्लेलिस्टही दिसतील. मात्र तिथे आयपॉडवर काही भरण्याचे किंवा सिंक करण्याचे कोणतेही बटण दाबू नका. आपल्याला फक्त वाचायचे आहे.

यादीतल्या एखाद्या गाण्यावर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तपशिलाच्या पानावर त्या फाइलचा पत्ता असतो, म्हणजे ती एफच्या कोणत्या फोल्डरात आहे आणि तिची चार अक्षरे कोणती. तो पत्ता आणि खरे नाव समोरासमोर वहीत उतरवून घ्या. काम कंटाळवाणे आहे, पण कॅसेटी मोजक्याच आहेत, आणि तुमच्या घरातल्या शाळकरी मुलांना बसवले तर एका सुट्टीत ते होईल. शंका आली, तर गाण्याचा कालावधीही जुळवून पाहा.

नावे मिळाल्यावर त्या फाइली डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवू नका, एफएलएसी प्रकारात बदला. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते, म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट ९०० एमबीच्या आसपास जाते. एफएलएसीमध्ये आवाजाचा एक कणही कमी न होता बरीच जागा वाचते, आणि मुख्य म्हणजे नाव, गायक, वर्ष, गाव, ताल अशी सर्व नोंद देवनागरीत फाइलच्या आतच लिहिता येते. पुढे फाइल कुठेही गेली, तरी नाव तिच्याबरोबर जाईल. एमपीथ्रीमध्ये मात्र बदलू नका, कारण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. टाळांच्या आवाजाला तर खरखर चिकटू शकते.

गाणे ऐकून नाव ओळखणारे मोफत प्रोग्राम आहेत, उदाहरणार्थ म्युझिकब्रेन्झ पिकार्ड, पण ते प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या साठ्याशी आवाज जुळवून पाहतात. तुमच्या सीडीतल्या एखाद्या निनावी गाण्यासाठी त्याचा उपयोग होईल. गावच्या देवळातला काकडा त्या साठ्यात असणार नाही. ज्या फाइलपाशी प्रत अडकली, ती कोणती हे रिदमबॉक्सच्या पत्त्यावरून कळेल. ती काकड्याची निघाली, तर आयपॉडवर पुन्हा जोर देण्याआधी निपाणीकरांनी सांगितलेल्या डिस्कवर शोधा. तिथेही नसेल, तर त्याच क्रमांकाची कॅसेट बुरशी न पुसता आणि टेपरेकॉर्डरमध्ये न लावता कोरड्या डब्यात ठेवा. फिती स्वच्छ करून एकदाच वाजवणारे जाणकार असतात, आणि त्यांच्याकडे जाईपर्यंत ती फीत ओढली जाता कामा नये.

शेवटी, मंडळातले जे वयस्क आज आहेत, त्यांना यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता घरी बोलावून ऐकवा. ज्या नोंदींत फक्त 'काकडा ३' असे असेल, तिथे आवाज कोणाचा, झांज कोणाची, हे तेच सांगू शकतात. ते बोलत असताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा आणि तीही फाइल त्याच फोल्डरात त्या त्या काकड्याच्या नावाने ठेवा.

निपाणीकर :

टिळकवाडीकरांच्या बोलण्यात एवढीच भर घालतो : आयपॉड एवढ्यात पुसू नका. बाहेरच्या डिस्कवरची प्रत उघडून, प्रत्येक काकड्याची सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकून खात्री करा, आणि दुसरी प्रत खानापूरबाहेर, नात्यातल्या कुणाच्या घरी ठेवा. तोवर आयपॉड आहे तसाच राहू द्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून चार्ज करत जा.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

डॉक आल्यावर डिस्कवर काय मिळते ते इथेच लिहीन. रिदमबॉक्समध्ये आज यादी उघडली. अडकलेली फाइल काकड्याची नाही, एका सीडीतली आहे.