सदाहरित जंगलातला बारमाही रस्ता: झाडांचं छत राखता येतं का?

पाऊलवाट: वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, दाट सदाहरित जंगल आणि आत वस्त्या. पावसाळ्यात आजाऱ्याला बाहेर काढता येत नाही, त्यामुळे ‘रस्ताच नको’ हे उत्तर चालणार नाही. पण दोन्ही बाजूंनी रुंद पट्टा तोडल्याशिवाय रस्ता वाळत नाही, असं बांधकामवाले म्हणतात. खरंच एवढी तोड लागते?

खडीमुरूम: मातीचाच रस्ता असेल तर लागते. ऊन मिळालं नाही की चाकोऱ्यांत पाणी साचतं, गाड्या रुततात आणि चिखल टाळायला चालक शेजारून नवी वाट पाडतात. म्हणजे झाडं जातातच. त्यापेक्षा पैसा पृष्ठभागावर घाला: चढावर चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या, सपाटीला दाबलेली खडी. मग एका गाडीपुरता रस्ता, मध्येमध्ये गाड्या ओलांडायला जागा, एवढ्यात भागतं आणि वरच्या फांद्या जुळलेल्या राहतात.

छताखाली पाण्याचा निचरा मात्र चोख हवा. मध्यापासून दोन्हीकडे ४ ते ६ टक्के उतार द्या. मोरीला (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्याच्या वाटेला) ६०० मिमीपेक्षा लहान पाइप नको, ९०० मिमी उत्तम, कारण पाण्याबरोबर ओंडके येतात. मोरी तुंबली की वरच्या अंगाला तळं साचतं आणि मुळं गुदमरून उभी झाडं मरतात. पाइपचा तळ ओढ्याच्या तळाहून किंचित खाली बसवा. वर राहिला तर पाणी पडून पलीकडे खड्डा होतो आणि माशांना वर चढता येत नाही. कापलेली माती उतारावरून खाली लोटू नका. उघड्या उतारावर लगेच वाळा गवत लावा, समतल ओळींत, ठोंबांत १० ते १५ सेंमी अंतर.

रानकड: छताबद्दल पूर्ण सहमत. ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ १९७९ पासून चाललेल्या प्रयोगात जंगलाच्या तोडलेल्या कडेपासून १०० मीटरच्या आत झाडं जास्त मरताना दिसली.

पण जंगलाचा खरा घात मुख्य रस्त्याला फुटणारे फाटे करतात. ब्राझीलच्या रोन्डोनियात बीआर-३६४ महामार्ग १९८४ मध्ये पक्का झाला आणि वसाहतींच्या फाट्यांवरून माशाच्या काट्यासारखी तोड पसरली. अ‍ॅमेझॉनमधली सुमारे ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपाच किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झाली आहे. म्हणून बुलडोझर येण्याआधी वस्त्यांच्या जमिनी मोजून हक्क नोंदवा आणि लाकडाच्या गाड्यांसाठी फाटक बसवा. रस्ता झाल्यावर हे करू म्हटलं की राहूनच जातं.

पाऊलवाट: आणि वस्तीतलेच लोक जास्त जंगल जाळून शेती करू लागले तर?

राखमाती: ते का जाळतात ते बघा. राखेने मातीची आम्लता तात्पुरती उतरते. दोन-तीन पिकांत पोषण धुऊन जातं, अ‍ॅल्युमिनियममुळे मुळं खुंटतात, स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून बसतो. मग पुढचा तुकडा जाळावा लागतो. चुना आणि खत मिळालं तर तीच जमीन पुन्हा पिकते. पेरू देशात युरीमाग्वास इथे अशी सलग पिकं घेतली गेली आहेत. चुना जड, डोक्यावरून किती नेणार? तो आत न्यायला हाच रस्ता कामाचा आहे. सोबत जुन्या पडीकावर सावलीतला कोको, ३ बाय ३ मीटरवर, सुरुवातीच्या सावलीला केळी. चुना माती तपासूनच घाला, जास्त झाला तर पिकाला जस्त मिळेनासं होतं.